अळीची कमजोरी कोणाच्या मालकीची? बीटी कपाशी आणि पीकरक्षणाचा विचार

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाचा विचार केला. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो. पण अग्नी दिसला म्हणजे धूर असेलच असं म्हणता येत नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं, इथवर आपण आलो होतो. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं, की हे सगळं ठीक आहे, पण एखादा आजचा प्रश्न घेऊन दाखवा. म्हणून आज आपण वर्गातून उठून थेट कपाशीच्या शेतात जाणार आहोत. विषय आहे, जैवतंत्रज्ञान वापरून पिकांचं कीड-रोगांपासून रक्षण.

सुरुवातीलाच एक कबुली. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. नांगर कधी हाती धरला नाही, की प्रयोगशाळेत कधी परीक्षानळी. मग या विषयात आमची लुडबुड कशाला? तर या विषयावर जे वाद होतात, त्यात दोन्ही बाजू विज्ञानाची भाषा बोलतात, पण भांडण बरेचदा विज्ञानाचं नसतंच. ते असतं 'नैसर्गिक', 'विष', 'यश', 'जबाबदारी' अशा शब्दांचं. हे शब्द घासून-पुसून घेणं एवढंच आमचं काम. विज्ञानाचा भाग मात्र आधी नीट समजून घ्यावा लागेल. त्याशिवाय पुढचं सगळं हवेतलं होईल.

रेशमाचा शत्रू, कपाशीचा मित्र

ही गोष्ट सुरू होते जपानमध्ये, १९०१ साली. रेशमाचे किडे पटापट मरत होते आणि रेशीम उत्पादक हवालदिल झाले होते. शिगेताने इशिवाता या शास्त्रज्ञांनी मेलेल्या किड्यांमधून एक जिवाणू वेगळा काढला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना पिठात होणाऱ्या पतंगाच्या अळीत तसाच जिवाणू सापडला. थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आपल्याकडे शेतकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे त्याला 'बीटी' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आता गंमत पाहा. जपानमध्ये जो जिवाणू शत्रू होता, तोच पुढे मित्र ठरला. अळी मारतो म्हणून रेशीमवाल्याला तो नकोसा, आणि अळी मारतो म्हणूनच शेतकऱ्याला हवासा. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं फवारणीचं औषध बाजारात आलंसुद्धा.

तो अळीला मारतो कसा? बीटी जिवाणू आपल्या पेशीत एका प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. पानाबरोबर ते अळीच्या पोटात जातात. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, म्हणजे आपल्या जठराच्या अगदी उलट. तिथे स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचक रस त्या प्रथिनाचा नेमका तुकडा कापतात आणि तो तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटतो. कुलपात किल्ली बसावी तसा. मग त्या पेशींना छिद्रं पडतात, त्या फुगतात, फुटतात. अळी खाणं थांबवते आणि दोन-चार दिवसांत मरते.

माणसाच्या पोटात हे घडत नाही. आपलं जठर आम्लधर्मी, आणि ते कुलूप आपल्या आतड्यात नाही. म्हणजे 'विष' हा पदार्थाच्या अंगचा गुण नव्हे. विष हा एक संबंध आहे, पदार्थ आणि शरीर या दोघांमधला. एकाचं अन्न दुसऱ्याचं विष, असं आपण सहज बोलून जातो. इथे ते अक्षरशः खरं आहे. म्हणून 'बीटी विषारी आहे की नाही?' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कोणासाठी?' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे अळी नेमकी हीच गोष्ट 'शिकते'.

जनुक झाडात जातं

फवारलेल्या बीटीचे दोन तोटे होते. उन्हात ते काही दिवसांत निकामी होतं, आणि आत शिरून बसलेल्या अळीपर्यंत पोचत नाही. गुलाबी बोंडअळीचं तर वैशिष्ट्यच हे. कोवळ्या बोंडाला बारीक छिद्र पाडून ती आत जाते, छिद्र भरून येतं, आणि बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. आत ती सरकी खात बसते. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल मिटलेलंच राहतं. विदर्भात त्याला 'डोमकळी' म्हणतात. फवारणीचा पंप इथे काय करणार?

उपाय निघाला तो असा, की प्रथिन बाहेरून फवारण्याऐवजी झाडानेच ते तयार करावं. त्यासाठी जिवाणूतलं जनुक झाडात न्यायचं. हे काम निसर्गात एक जिवाणू आधीपासून करत होता. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा हा जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि स्वतःच्या जनुकांचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो, त्यामुळे झाडाला गाठ येते. मेरी-डेल चिल्टन, मार्क व्हान मोंटागू, जेफ शेल अशा संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तुकड्याऐवजी आपल्याला हवं ते जनुक पाठवून दाखवलं. १९८७ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथल्या गटाने बीटी तंबाखू जाहीर केली. १९९६ मध्ये अमेरिकेत बीटी कपाशी शेतात आली.

'हे निसर्गाविरुद्ध आहे' असं एक बाजू म्हणते. 'निसर्गात जिवाणू हेच करतो, मग आक्षेप कशाला?' असं दुसरी म्हणते. आम्हाला दोन्ही युक्तिवाद लंगडे वाटतात. निसर्गात घडत नाही म्हणून वाईट, हे पटत नाही. चष्मा निसर्गात उगवत नाही. निसर्गात घडतं म्हणून चांगलं, हेही पटत नाही. देवीचा रोग नैसर्गिकच होता. तेव्हा 'नैसर्गिक' हा शब्द आपण इथेच बाजूला ठेवू आणि परिणामांकडे वळू.

यश, आणि ओलं सरपण

भारतात बीटी कपाशी आली ती जरा आडवाटेने. २००१ मध्ये गुजरातेत हजारो एकरांवर परवानगी नसलेली बीटी कपाशी उभी असल्याचं उघड झालं. बाकीची कपाशी बोंडअळीने झोपली होती, ही तेवढी उभी होती. त्यानंतर २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने तीन बीटी संकरित वाणांना अधिकृत परवानगी दिली. २००६ मध्ये दोन जनुकांची पुढची आवृत्ती आली. दहा-बारा वर्षांत देशातल्या कपाशीचं नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी झालं.

उत्पादनाचे आकडे असे. २००२च्या सुमारास देशात हेक्टरी ३०० किलोच्या आसपास रुई निघत होती. २००७-०८ पर्यंत ती साडेपाचशेच्या घरात गेली. आता निष्कर्ष काय काढायचा? 'बीटी आली, उत्पादन वाढलं, म्हणून बीटीने उत्पादन वाढवलं.' इथे मागच्या वेळचं ओलं सरपण आठवा. आपले नैयायिक त्याला 'उपाधी' म्हणत. त्याच वर्षांत गुजरातेत सिंचन वाढलं, खतांचा वापर वाढला, रसशोषक किडींवर नवी कीटकनाशकं आली. ही सगळी सरपणं बीटीबरोबरच चुलीत होती. के. आर. क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हाच मुद्दा सविस्तर मांडला. दुसरीकडे, बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत खूप कमी झाल्या, हे कोणी नाकारत नाही. तेवढं श्रेय बीटीचंच.

म्हणजे बीटीने काहीच केलं नाही असं नव्हे, आणि सगळं बीटीनेच केलं असंही नव्हे. पण आपल्याला उत्सव तरी हवा असतो नाहीतर सुतक तरी. अग्नी, ओलं सरपण आणि वारा यांचा वेगवेगळा हिशेब मांडायला कोणाला सवड नसते.

अळी 'शिकते' म्हणजे काय

२००९-१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाली. पुढच्या पाच-सहा वर्षांत दोन जनुकांची कपाशीही तिला पचू लागली. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी कमी व्हावी म्हणून जे तंत्रज्ञान आणलं, त्याच्या पंधराव्या वर्षी ही वेळ आली.

अळी 'शिकली' असं आपण म्हणतो, पण अळीला डोकं वापरावं लागत नाही. लाखो अळ्यांमध्ये एखाद-दुसरी अशी असते की तिच्या आतड्यातलं कुलूपच थोडं वेगळं आहे. किल्ली बसत नाही. बाकीच्या मरतात, ही उरते. तशीच दुसरी उरलेली तिला भेटते, आणि त्यांची सगळी प्रजा वेगळ्या कुलपाची. शिकतं ते अळ्यांचं कूळ, अळी नव्हे.

यावर शास्त्रज्ञांनी आधीच उपाय योजला होता, आणि तो फार सुंदर आहे. वेगळं कुलूप हा गुण बहुधा सुप्त असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो कामी येतो. एकाकडूनच आला तर अळी बीटी खाऊन मरतेच. मग करायचं काय? शेताच्या काही भागात साधी, बिगर-बीटी कपाशी लावायची. तिच्यावर साध्या अळ्या खुशाल वाढू द्यायच्या. बीटीतून वाचलेल्या त्या एका प्रतिकारक्षम पतंगाला जोडीदार मिळेल तो या साध्या शेकडोंपैकी. त्यांची प्रजा बीटीला बळी पडेल. याला 'आश्रय पीक' म्हणतात. शेतकरी 'रेफ्युजी' म्हणतात. भारतातला नियम होता वीस टक्के क्षेत्र किंवा भोवतीच्या पाच ओळी, यातलं जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं दिलं जाई.

इथे आपल्या आजच्या विषयाचं मर्म आहे. आश्रय पीक कशाचं रक्षण करतं? कपाशीचं नाही. ते रक्षण करतं अळीच्या कमजोरीचं. अळी बीटीला बळी पडते ही तिची कमजोरी म्हणजे आपली ठेव आहे. ती कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, कोणत्या कंपनीच्या ताळेबंदात नाही. ती गावच्या तळ्यासारखी सर्वांची आहे. आणि तळ्यासारखीच, सगळ्यांनी उपसली की आटते.

पाचवा हिस्सा कोणी द्यायचा?

आमचे एक भाचे वर्धा जिल्ह्यात शेती करतात. काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना मोठ्या उत्साहाने त्यांना ही आश्रय पिकाची कल्पना समजावून सांगितली. कांटचा दाखलाही दिला, की जो नियम सगळ्यांनी पाळावा असं तुम्हाला वाटतं, तो आधी स्वतः पाळावा. भाच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मामा, तीन एकर वावर आहे. त्याचा पाचवा हिस्सा अळीच्या जेवणावळीला दिला, तर पोरीची फी काय अळी भरणार? आणि मी लावलं, शेजाऱ्यानं नाही लावलं, तर अळ्या माझ्या वावरात वाढतील आणि फायदा त्याला. ते पाकीट मी एकदा पेरलं होतं. निम्मं उगवलंच नाही."

आम्ही निरुत्तर झालो, हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. परतीच्या गाडीत विचार करताना ध्यानात आलं, की आम्ही कांटचं अर्धंच वाक्य घेऊन गेलो होतो. 'करायला हवं' असं म्हणताना 'करता येतं' हे गृहीत धरलेलं असतं, हेही त्याच परंपरेतलं सूत्र. जे करणं माणसाच्या आवाक्यात नाही, ते न केल्याचा दोष त्याला देता येत नाही. ज्याची सगळी जमीन तीन एकर, त्याच्याकडून सगळ्या देशाच्या ठेवीसाठी पाचवा हिस्सा मागायचा, बदल्यात काही द्यायचं नाही, आणि तो देत नाही म्हणून त्याला अडाणी ठरवायचं, हा न्याय नव्हे.

शिवाय एक बाब अशी, की तिच्यात शेतकऱ्याचा काहीच हात नव्हता. भारतात बीटी कपाशी आली ती बहुतेक सगळी संकरित वाणांत. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं; कंपनीच्या दृष्टीने ते सोयीचं. अशा वाणात बीटी जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं असतं. झाडाच्या पानात, देठात बीटी असतं. पण त्याच्या बोंडात जी सरकी धरते, ती पुढची पिढी असते. तिच्यात एका जनुकाच्या हिशेबाने चारातल्या साधारण एका दाण्यात बीटी नसतंच. आणि गुलाबी अळी खाते काय? सरकीच. म्हणजे एकाच बोंडात तिला कधी विषारी दाणा, कधी बिनविषारी. थोडं-थोडं विष चाखत अर्धवट प्रतिकारक्षम अळीही जगून जाते. एकीकडे आश्रय पीक लावा म्हणून सांगायचं, आणि दुसरीकडे बोंडातच अळीची शाळा भरवायची, असा हा प्रकार झाला.

त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे. पाण्याची सोय असली की फरदड घ्यायची, म्हणजे वेचणी झाल्यावरही फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक उभं ठेवायचं. गुलाबी अळीचं पोट कपाशीवरच चालतं. हिवाळ्यात खायला नसेल तर ती सुप्तावस्थेत जाते. फरदडीने तिचं जेवण अखंड चालू राहिलं.

उलट हिरवी बोंडअळी पाहा. ती तूर, हरभरा, टोमॅटो असं बरंच काही खाते. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. कोणी न सांगता, कोणी न ठरवता, तुरीने आश्रय पिकाचं काम केलं आणि हिरवी अळी बीटीपुढे बरीचशी कमजोरच राहिली. शेत एकच, जनुकं तीच, शेतकरीही तोच. तरी एका अळीबाबत उपाय टिकला आणि दुसरीबाबत ढासळला. मग 'शेतकऱ्यांच्या बेशिस्तीमुळे बीटी हरली' हे विधान पुरं पडत नाही.

इतर ठिकाणी काय झालं

अमेरिकेत ॲरिझोनामध्येही गुलाबी बोंडअळी होती आणि बीटी कपाशी होती. तिथे आश्रय पिकाचा नियम पाळला गेला. २००६ पासून त्याची जागा मुख्यतः घेतली ती वांझ पतंगांनी. प्रयोगशाळेत वाढवलेले, किरणोत्साराने वांझ केलेले कोट्यवधी पतंग विमानातून सोडले. शेतातल्या पतंगाला जोडीदार मिळे तो वांझ, आणि प्रजा शून्य. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशातली कपाशी गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. यात जनुक एक हत्यार होतं; बाकी शिस्त, देखरेख, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उचललेला खर्च आणि मोठाली शेतं. ती शेतं आपल्याकडे नाहीत, म्हणून ॲरिझोना उचलून यवतमाळला ठेवता येणार नाही.

चीनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून संकरित बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरायला सुरुवात केली. त्यात चारातलं साधारण एक झाड बिगर-बीटी निघालं. झालं, शेतभर विखुरलेलं आश्रय पीक आपोआप तयार! तिथे गुलाबी अळीची वाढू लागलेली प्रतिकारशक्ती उलट घटली. आता तुलना करा. आपल्याकडे चारात एक, पण बोंडाच्या आत, दाण्या-दाण्यांत. त्यांच्याकडे चारात एक, पण शेतात, झाडा-झाडांत. आकडा तोच, परिणाम उलट. तंत्रज्ञान चांगलं की वाईट, असं नुसतं विचारणाऱ्याला हा फरक दिसायचाच नाही. ते कोणत्या रचनेत बसवलं, हे विचारावं लागतं.

रोगांबद्दलही एक उदाहरण थोडक्यात. हवाई बेटांवर पपईच्या बागा रिंगस्पॉट विषाणूने उद्ध्वस्त होत होत्या. १९९२ मध्ये पुना या मुख्य पपई भागात रोग शिरला. मूळचे तिथलेच असलेले शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने विषाणूच्या कवचाचं जनुक पपईत घातलं. झाड तो संदेश आधीच ओळखून असतं, म्हणून खरा विषाणू आला की त्याचा संदेश कापून टाकतं. १९९८ मध्ये 'रेनबो' पपईचं बियाणं शेतकऱ्यांना सुरुवातीला मोफत वाटलं गेलं आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. हे काम मुख्यतः सार्वजनिक संस्थांमधलं होतं. बियाणं कोणाचं, हा प्रश्न तंत्राइतकाच मोलाचा आहे, तो असा.

मग वांग्याचं काय?

२००९च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपुरात झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये चार बीटी वांग्यांना परवानगी दिली आणि तिथे ती शेतात आहेत. आपल्या वांग्यावर शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीसाठी वारंवार फवारण्या होतात आणि तेच वांगं आपण बाजारातून आणतो. तेव्हा स्थगिती म्हणजे 'काहीच धोका पत्करला नाही', असं समजू नका. न करणं हीसुद्धा कृतीच असते आणि तिचीही किंमत कोणीतरी मोजत असतं. इथे बहुधा फवारणारा मजूर.

पण परवानगी द्यायची, तर कपाशीचा धडा गिरवून. आमच्या मते कोणत्याही नव्या जनुकाबद्दल तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. किडीची कमजोरी टिकवायची जबाबदारी कोणाची, आणि तिचा खर्च कोण उचलणार? बियाण्याची रचना, म्हणजे सरळ वाण की संकरित, किडीच्या स्वभावाला धरून आहे की विक्रीच्या सोयीला? आणि उपाय ढासळू लागला तर ते सर्वांत आधी कोणाला कळेल, आणि त्याचं कोणी ऐकेल का? माणसाने खाल्लं तर काय होईल, हा चौथा प्रश्न अर्थातच आहे. पण सगळी चर्चा तिथेच अडकते आणि हे तिन्ही मागे राहतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवून दिलं, की सामाईक ठेव नेहमी लुटलीच जाते असं नाही. जिथे वापरणारे लोक एकमेकांना ओळखतात, नियम स्वतः ठरवतात आणि देखरेखही स्वतः करतात, तिथे ती पिढ्यानपिढ्या टिकते. आश्रय पिकाचा नियम दिल्लीत ठरला, पाकिटात छापला गेला आणि बांधावर फेकला गेला. गावाला कोणी विचारलंच नाही.

प्रश्नोत्तरे

एका श्रोत्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही बीटीच्या बाजूचे की विरुद्ध?"

हा प्रश्न येणारच होता. पाण्याच्या पंपाच्या बाजूचे की विरुद्ध, असं कोणी विचारलं तर आपण म्हणू, विहिरीत पाणी किती आहे ते आधी सांगा. पंप चांगलाच आहे. तो दिवसरात्र चालवून विहीर कोरडी केली आणि मग पंपाला शिव्या दिल्या, तर तो विचार नव्हे. आणि विहीर आटेल म्हणून पंपच नको, हाही नव्हे.

एका श्रोत्या म्हणाल्या, "आमच्या घरी अजून कपाशी आहे. आज आम्ही काय करावं?"

त्याचं उत्तर आमच्यापेक्षा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि तुमचं कृषी विद्यापीठ नीट देतील. पण त्यांच्या शिफारशींचा गाभा सांगता येतो. मे महिन्यात पेरणीची घाई करू नये. कमी मुदतीचा वाण घ्यावा. कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, किंवा दहा टक्के फुला-बोंडांत अळी दिसली, तरच फवारणीचा विचार करावा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट कराव्यात. फरदड घेऊ नये आणि पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नये, कारण अळी तिच्यातच मुक्काम करते. आता बियाण्याच्या पिशवीतच साधं बी मिसळून येतं, तेही योग्यच आहे.

पण या यादीतलं एक लक्षात घ्या. यातलं जवळजवळ काहीही एकट्याने करून भागत नाही. तुम्ही पऱ्हाटी काढली आणि शेजाऱ्याची उभी राहिली, तर त्याचा पतंग तुमच्या वावरात येणारच. पतंगाला धुरा कळत नाही. त्या दिवशी आमचे भाचे हेच सांगत होते, आणि आम्ही ते तक्रार म्हणून ऐकलं. गेल्या हंगामात त्यांनी शिवारातल्या अकरा जणांना बसवून पऱ्हाटी एकाच आठवड्यात काढायचं ठरवलं. नऊ जणांनी काढली. उरलेल्या दोघांचं काय करायचं, हा विषय यंदा पोळ्याच्या दिवशी पारावर निघणार आहे, आणि आम्हालाही बोलावणं आहे. या वेळी आम्ही कांट घेऊन जाणार नाही. ऐकायला जाणार आहोत.

पुढच्या व्याख्यानात आपण 'धोका' या शब्दाकडे वळू.